अय्यार आणि आशिक

तिलिस्मी दास्तानीत प्रेमात पडण्याचे काम नायकाचे असते आणि ते प्रेम तडीस नेण्याचे काम त्याच्या मित्राचे. शहजादा एका नजरेत घायाळ होतो, अन्नपाणी टाकतो, उसासे सोडतो आणि मग बराच काळ कथेच्या फारसा उपयोगाचा राहत नाही. तटावर कमंद, म्हणजे फासाचा दोर, टाकून चढणे, निरोप पोचवणे, प्रतिस्पर्ध्याला बेशुद्ध करून गाठोड्यात बांधणे, कैदेतल्या प्रियेला सोडवून आणणे ही सारी खटपट अय्यार करतो. अय्यार म्हणजे वेषांतर, हेरगिरी आणि औषधीविद्या यांत मुरलेला चतुर साथीदार. उर्दू दास्तानगो, म्हणजे दास्तान सांगणारे कथेकरी, आपल्या कलेची चार अंगे मोजत. काहींच्या मते ती रज्म म्हणजे युद्ध, बज्म म्हणजे मैफल, तिलिस्म म्हणजे जादूने रचलेली बंदिस्त सृष्टी आणि अय्यारी अशी होती. काही जण तिलिस्मच्या जागी हुस्न-ओ-इश्क, म्हणजे सौंदर्य आणि प्रेम, धरत. प्रेम एका यादीत आहे, दुसरीत नाही. अय्यारी दोन्ही याद्यांत आहे. अमीर हमजाच्या दास्तानीपासून देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’ मालिकेपर्यंत या कथांमधल्या नात्यांचा इतिहास पाहताना ही गोष्ट विसरता येत नाही.

अशी कामाची वाटणी भारतीय श्रोत्याला नवी नव्हती. वेताळाने विक्रमाला सांगितलेली पहिलीच कथा या धर्तीची आहे. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तल्या पाठात वाराणसीचा राजपुत्र वज्रमुकुट सरोवराकाठी एका मुलीला पाहतो. ती कमळ कानावर ठेवते, दाताकडे नेते, डोक्यावर ठेवते आणि मग हात हृदयाशी नेते. राजपुत्राला त्यातले काहीच उमगत नाही. प्रधानपुत्र बुद्धिशरीर मात्र त्या खुणांवरून राजाचे नाव, मुलीच्या बापाचा हस्तिदंतकामाचा धंदा, तिचे पद्मावती हे नाव आणि तिच्या मनातला होकार, सगळे वाचून दाखवतो. पुढे दोघांची भेट होते आणि राजपुत्र तिला भोळेपणाने सांगून टाकतो की, ही हुशारी माझ्या मित्राची. पद्मावती त्या मित्रासाठी विष घातलेली मिठाई पाठवते. मित्र ती ओळखतो, कुत्र्याला घालतो आणि खात्री करून घेतो. मग तिच्यावर डाकीण असल्याचा आळ येईल अशी व्यवस्था करून, नगराबाहेर हाकललेल्या तिला राजपुत्राच्या घोड्यावर बसवून देतो. प्रेयसी आणि मित्र यांच्यात एकाच माणसाच्या मनावरून लागलेली चढाओढ इतक्या स्पष्टपणे नंतरच्या फार थोड्या कथांनी मांडली आहे.

‘कथासरित्सागर’ अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचला गेला. ज्या ‘बृहत्कथे’वर तो आधारलेला आहे, तिचा कर्ता गुणाढ्य परंपरेनुसार प्रतिष्ठानच्या, म्हणजे आजच्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या पदरी होता. ‘कथासरित्सागरा’तच राजा उदयनाला उज्जयिनीच्या कैदेतून सोडवायला त्याचा मंत्री यौगंधरायण कुबड्या वेड्याचे रूप घेऊन शिरतो. उदयन आत वासवदत्तेला वीणा शिकवत बसलेला असतो. पळून जाण्याचा बेत बाहेरून येतो. नाटकांतला विदूषक आणि शकुंतलेच्या अनसूया-प्रियंवदा यांचेही काम साधारण हेच. अय्यार इराणातून आला तेव्हा त्याच्यासाठी घरात जागा आधीच मोकळी होती.

इराणातला अय्यार मात्र आधी इतिहासात होता, कथेत नंतर आला. नवव्या-दहाव्या शतकांत बगदाद, सीस्तान आणि खुरासानच्या शहरांतून अय्यारांच्या टोळ्या होत्या. राज्यकर्त्यांच्या लेखी ते दंगेखोर. स्वतःच्या लेखी जवाँमर्दीचे व्रत घेतलेले लोक, म्हणजे दिलेला शब्द, खाल्लेले मीठ आणि आश्रयाला आलेला माणूस यांसाठी जीव देणारे. याकूब बिन लैस हा पेशाने तांबट. अशाच टोळीतून वर येऊन त्याने नवव्या शतकात सफ्फारी राजवंश स्थापन केला. बाराव्या शतकात लिहून काढलेल्या ‘समक-ए-अय्यार’ या फारसी कथेत या लोकांचा पहिला मोठा कथानायक दिसतो. हलबचा राजपुत्र खुर्शीदशाह चीनच्या फगफूरच्या, म्हणजे सम्राटाच्या, मुलीवर अनुरक्त होतो, परदेशात एकटा पडतो आणि अय्यारांच्या घरी आश्रय मागतो. समक त्याला भाऊ मानतो, आणि त्या शब्दामुळे एका अनोळखी राजपुत्राचे प्रेम त्याची स्वतःची जबाबदारी होऊन बसते. या कथेत अय्यार राजाचा नोकर नाही. राजपुत्र त्याच्याकडे याचक म्हणून आलेला आहे. पुस्तकालाही नाव राजपुत्राचे नसून अय्यारचे आहे.

पुढे हे नाते राजाच्या बाजूने झुकत गेले. अमीर हमजाच्या दास्तानीत हमजा आणि अमर यांची मैत्री जन्मापासून जोडलेली आहे. उर्दू पाठांनुसार नौशेरवान बादशहाचा वजीर बुझुर्जमेहर मक्केत येतो आणि त्या दिवशी जन्मणाऱ्या मुलांना द्रव्य देण्याची घोषणा करतो. सरदाराच्या घरी हमजा जन्मतो. उमय्या नावाचा उंट हाकणारा द्रव्याच्या लोभाने आपल्या गरोदर बायकोला लाथ मारतो. ती मरते आणि अमर जन्मतो. वजीर त्या तान्ह्याला मांडीवर घेतो तेव्हा त्याच्या बोटातली अंगठी नाहीशी होते आणि बाळाच्या तोंडात सापडते. हमजा, अमर आणि तिसरा साथी मुकबिल एकाच दाईच्या दुधावर वाढतात. कुळाने एकजण वर आणि दोघे खाली. दूध मात्र एकच. दास्तानीची मैत्रीविषयीची सगळी कल्पना या प्रसंगात आहे.

अमर शूर नाही, देखणा नाही आणि उदार तर मुळीच नाही. मित्रासाठी जीव धोक्यात घालतानाही तो मोबदल्याची घासाघीस करतो. संतांकडून मिळालेल्या त्याच्या झंबील नावाच्या झोळीत अख्ख्या नगऱ्या मावतात, पण त्यातून एक दमडी काढताना त्याचा हात थरथरतो. श्रोते हसत ते इथे. हमजाचे औदार्य आणि अमरचा लोभ समोरासमोर ठेवल्याने दोघेही जिवंत होतात, हे दास्तानगोंना नेमके कळले होते. निष्ठावान मुकबिलमध्ये काहीच खोट नाही, म्हणून तो कोणाच्या फारसा लक्षात राहत नाही.

मैत्री आणि प्रेम यांची खरी गाठ पडते ती काफ पर्वताच्या प्रकरणात. हमजाचे नौशेरवानची मुलगी मेहरनिगार हिच्यावर प्रेम आहे; बाप लग्न लांबवत राहतो. इतक्यात काफच्या परींच्या राजाला देवांविरुद्ध, म्हणजे दानवांविरुद्ध, मदत हवी असते. अठरा दिवसांत परतायच्या बोलीवर हमजा काफला जातो आणि तिथे अठरा वर्षे अडकतो. तिथे तो आसमानपरीशी लग्न करतो, त्याला मुलगी होते. इकडे पृथ्वीवर मेहरनिगारच्या मागे शत्रूची सेना लागलेली असते आणि तिला सांभाळून एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात नेत राहतो तो अमर. धान्य मिळवणे, वेढे फोडणे, तिला धीर देणे, मित्र येईल ही आशा तिच्या मनात तेवती ठेवणे, सगळे त्याच्यावर पडते. प्रियकर दुसऱ्या स्त्रीशी संसार करत असताना प्रेमाची राखण मित्र करतो. दास्तानगो यावर कोणतेही भाष्य करत नाहीत. त्यांना त्यात विसंगती दिसत नसावी, कारण हमजाच्या बाजूने प्रेम ही नियतीने घडवलेली गोष्ट आहे आणि अमरच्या बाजूने मैत्री हे रोज करायचे काम. पुढे मेहरनिगार शत्रूच्या हातून मारली जाते तेव्हा हमजा फकिरासारखा तिच्या कबरीपाशी बसतो. दुःख करण्याचा अधिकारही परंपरेने नायकाकडेच ठेवला आहे. इतकी वर्षे तिला जपणाऱ्या अमरच्या वाट्याला तो येत नाही.

भारतात ही दास्तान मोगलांच्या काळात राजाश्रयाला आली. अकबराला ती ऐकण्याचा आणि सांगण्याचाही शौक होता. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद यांच्या देखरेखीखाली त्याच्या चित्रशाळेने सुमारे १५६२ ते १५७७ या काळात ‘हमजानामा’ची चौदाशेच्या आसपास मोठी चित्रे कापडावर रंगवली. त्यांपैकी दोनशेही आज शिल्लक नाहीत. जी आहेत त्यांत प्रणयाच्या दृश्यांपेक्षा अय्यारांच्या करामती नजरेत भरतात: तंबूत शिरणारे, पहारेकऱ्यांना गुंगी देणारे, सोंग घेऊन दरबारात उभे असलेले अय्यार.

एकोणिसाव्या शतकात हे भांडार उर्दूत छापले जाऊ लागले. गालिब लखनवी यांचा पाठ १८५५ मध्ये आला, अब्दुल्ला बिलग्रामी यांचा १८७१ मध्ये. नंतर लखनौच्या नवल किशोर छापखान्याने दास्तानगोंना कामाला लावून सेहेचाळीस खंडांची प्रचंड मालिका काढली. तिचे शेवटचे खंड विसाव्या शतकात बाहेर पडले. त्यातली सर्वांत गाजलेली ‘तिलिस्म-ए-होशरुबा’. तिचे पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी १८८३ पासून लिहिले आणि उरलेले अहमद हुसेन कमर यांनी पुरे केले.

होशरुबामध्ये नात्यांची मांडणी अधिक गुंतागुंतीची झाली. प्रेम इथे फितुरीचे साधन होते. जादूगारांचा बादशहा अफ्रासियाब याच्या घरातलीच महजबीन ही हमजाच्या नातवावर, असदवर, भाळते आणि स्वतःचे सैन्य घेऊन त्याच्या बाजूला येते; तिच्या मागोमाग महरुखसारखी बलाढ्य जादूगरीण येते. अशा एकेका प्रेमामुळे अफ्रासियाबचे राज्य आतून पोखरले जाते. असद आणि महजबीन मात्र लवकरच पकडले जातात आणि तिलिस्म जिंकण्यासाठी निवडलेला हा वीर कथेचा बराच भाग कैदेत काढतो. लढाई चालू ठेवतात ते अमर आणि त्याचे चार शागीर्द: किरान, बर्क फिरंगी, जरगाम आणि जानसोज.

त्यांच्यासमोर अफ्रासियाबच्या बाजूने सरसर ही तलवारबाज अय्यारा आणि तिच्या चार मैत्रिणी उभ्या राहतात. पाच पुरुष, पाच स्त्रिया, आणि प्रत्येकाचे मन समोरच्या गोटातल्या कोणावर तरी जडलेले. हे अय्यार एकमेकांना फसवतात, बेशुद्ध करतात, पकडून नेतात, सोडून देतात. जीव मात्र सहसा घेत नाहीत. मालकाचे मीठ खाल्ले म्हणून निष्ठा मोडायची नाही आणि मन गुंतले म्हणून वार करायचा नाही, अशा दोन बंधनांत ही पात्रे वावरतात. शहजाद्यांच्या प्रेमात पहिल्या नजरेनंतर घडण्यासारखे काही उरत नाही. अमर आणि सरसर यांच्या प्रेमात मात्र प्रत्येक भेट हा नवा डाव असतो. मालिकेतला सर्वांत खेळकर आणि सर्वांत बरोबरीचा प्रणय नायकाकडून निसटून मित्राकडे गेला, तो इथे.

हीच जागा हेरून देवकीनंदन खत्री यांनी हिंदीत आपली सृष्टी उभी केली. १८६१ मध्ये बिहारमध्ये मुजफ्फरपूरजवळच्या पूसा इथे जन्मलेल्या खत्रींनी काही काळ चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेतला होता. तिथले पडके किल्ले, गुहा आणि दऱ्या त्यांच्या पायाखालून गेल्या. ठेका सुटल्यावर १८८८ पासून त्यांनी बनारसमध्ये ‘चंद्रकांता’ लिहायला घेतली. चार भागांत ती पुरी झाली. मग १८९४ पासून सुमारे दहा वर्षांत ‘चंद्रकांता संतति’चे चोवीस भाग आले. मधल्या काळात, १८९८ मध्ये, त्यांनी स्वतःचा लहरी प्रेस काढला. पुढचा भाग येईपर्यंत वाचकांनी वाट पाहायची, ही सवय हिंदीत याच पुस्तकांनी लावली.

खत्रींनी दास्तानीतली जादू जवळजवळ काढून टाकली. त्यांच्या तिलिस्मात कळसूत्री दरवाजे, यंत्रे आणि रसायने आहेत. त्याचप्रमाणे नात्यांचीही त्यांनी साफसफाई केली. तेजसिंह हा अमरसारखा लोभी विनोदवीर नाही. तो नौगढच्या दिवाणाचा, जीतसिंहाचा, मुलगा आहे; कुळाने प्रतिष्ठित, बोलण्यात सभ्य. ‘चंद्रकांता’ची सुरुवात होते ती वीरेंद्रसिंह आणि तेजसिंह हे दोघे संध्याकाळी डोंगराच्या पायथ्याशी बोलत बसलेले असताना. वीरेंद्र विजयगढच्या राजकन्येच्या विरहाने व्याकूळ आहे आणि तेजसिंहाला वाट काढायची आहे. ते प्रेम कधी आणि कसे जडले, हे लेखक दाखवत नाही. कादंबरी प्रेमापासून सुरू होत नाही, मित्राकडे केलेल्या मागणीपासून सुरू होते.

विजयगढच्या दिवाणाचा मुलगा क्रूरसिंह यालाही चंद्रकांता हवी आहे. त्याच्याकडे नाजिम आणि अहमद हे अय्यार आहेत. ते कमी पडल्यावर तो चुनारगढच्या शिवदत्ताला या भांडणात ओढतो. वरवर ही एका राजकन्येसाठी चाललेली झुंज आहे. पण क्रूरसिंहाची बाजू कशामुळे कोसळते, हे पाहिले तर उत्तर मैत्रीतच सापडते. त्याला पगारी माणसे मिळतात, मित्र मिळत नाही. शिवदत्ताच्या पदरच्या पंडित बद्रीनाथासारख्या कसलेल्या अय्यारांनाही अखेर वीरेंद्रसिंहाचा गोट जवळचा वाटतो. खत्रींच्या जगात अय्यारांचा एक अलिखित कायदा आहे: पकडलेल्या अय्यारला ठार मारायचे नाही, कैदेत ठेवायचे, आणि त्याने नव्या धन्याला शब्द दिला की त्याच्यावर विश्वास टाकायचा. ‘चंद्रकांता’च्या प्रस्तावनेतही खत्री सांगतात की, राजांच्या लढाया रक्त न सांडता मिटवणे हे अय्यारांचे काम होते. त्यामुळे आजचा शत्रू उद्याचा साथीदार होऊ शकतो आणि सूडापेक्षा मैत्रीचा पसारा वाढत जातो.

वेषांतराच्या या जगात चेहरा हा पुरावा राहत नाही. समोरची सखी खरी की तिचे रूप घेतलेला शत्रू, हे बघून कळत नाही. म्हणून मित्र आधी संकेताचे शब्द ठरवून ठेवतात आणि अय्यारांची स्वतःची गुप्त बोलीही असते. राजकुमार प्रियेच्या रूपावर भाळलेला असतो, आणि रूप ही तर इथे सर्वांत सहज नक्कल करता येणारी वस्तू. मैत्री मात्र ठरलेल्या शब्दावर, जुन्या आठवणीवर आणि कामाच्या पद्धतीवर ओळखली जाते. या कादंबऱ्यांत मैत्री प्रेमापेक्षा भरवशाची का वाटते, याचे कारण खत्रींच्या उपदेशात शोधू नये. ते कथेच्या यंत्रणेत आहे.

वनकन्येचे उपकथानक याच अंगाने वाचावे लागते. चंद्रकांता तिलिस्मात अडकली आहे असे समजून वीरेंद्र तिचा शोध घेत असताना एक अनोळखी वनकन्या त्याला पुन्हा पुन्हा मदत करते आणि त्याचे मन तिच्याकडे ओढले जाते. एकनिष्ठ नायकाची ही घालमेल खत्रींनी बरीच लांबवली आहे. शेवटी वनकन्या म्हणजेच चंद्रकांता निघते आणि नायकाची अब्रू वाचते. त्याच वेळी, सर्वांना मार्ग दाखवणारा सिद्धनाथ योगी हा तेजसिंहाचा बाप जीतसिंह असल्याचेही उघड होते. म्हणजे प्रेमाची परीक्षाही अय्यारांच्याच घरातून घेतली जात होती. ही युक्ती चतुर आहे, पण नायकाला ती फार स्वस्तात सोडवते, हेही खरे.

तेजसिंह आणि चपला यांचा प्रणय मुख्य जोडीपेक्षा सरस उतरला आहे. चपला चंद्रकांतेची सखी आणि स्वतः अय्यारा. दोघे एकाच पेशातले, एकमेकांची चलाखी जोखणारे. त्यांच्यात विरहगीतांना वेळ नाही. कादंबरीच्या शेवटी वीरेंद्र-चंद्रकांता, तेजसिंह-चपला आणि देवीसिंह-चंपा ही दुसरी अय्यार जोडी अशी लग्ने लागतात. नायकाच्या लग्नात मित्राचेही लग्न लावून देण्याचा हा रिवाज संस्कृत कथांपासूनचा, पण खत्रींनी त्यातून पुढच्या पिढीची सोय केली. ‘संतति’मध्ये वीरेंद्राचे मुलगे इंद्रजीतसिंह आणि आनंदसिंह यांच्यासोबत तेजसिंहाचा भैरोसिंह आणि देवीसिंहाचा तारासिंह उभे राहतात. गादीबरोबर मैत्रीही वारशाने मिळते.

‘संतति’त स्त्रियांची मैत्री केंद्राजवळ आली. इंद्रजीत ज्या किशोरीवर प्रेम करतो ती जुना शत्रू शिवदत्त याची मुलगी. कमलिनी ही बुद्धीने आणि धाडसाने तिच्याहून कितीतरी वरचढ आहे आणि तिचेही मन इंद्रजीतवर आहे. तरी ती किशोरीला संकटातून सोडवते. कमलिनी हे खत्रींचे सर्वांत समर्थ स्त्रीपात्र: योजना तिच्या, हुकूम तिचे, आणि मोठमोठे अय्यार तिच्या सांगण्यावर चालतात. तिचा आणि किशोरीचा प्रश्न लेखकाने काळाच्या रिवाजाप्रमाणे एकाच वराशी दोघींचे लग्न लावून सोडवला. आजच्या वाचकाला तो तोडगा पटणार नाही. पण त्याआधीच्या शेकडो पानांत या दोघींमध्ये मत्सराऐवजी विश्वास कसा वाढत जातो, हे लेखकाने मनापासून लिहिले आहे.

अशा कथांची भूक त्या काळात एवढी का होती, याचे उत्तर एका मराठी कादंबरीकाराने आधीच देऊन ठेवले होते. मराठीत लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ मध्ये. याच दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी मराठीत आणल्या. ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी एक व्यवहारी अडचण मांडली: आपल्याकडच्या लग्नाच्या चालीमुळे आणि एकूण रीतिभातीमुळे रोजच्या आयुष्यात कादंबरीजोगे मनोरंजक काही घडत नाही, म्हणून लेखकाला अद्भुताकडे वळावे लागते. लहानपणी घरच्यांनी जुळवलेल्या लग्नांच्या समाजात तरुण-तरुणीने एकमेकांना पाहून पसंत करण्याची जागा बागेत, गुहेत किंवा तिलिस्मातच असू शकत होती. दोघांना थेट बोलणे अशक्य, म्हणून मध्ये सखी आणि मित्र. अय्यार हा कल्पनेचा खेळ असला तरी त्याची गरज समाजातल्या खऱ्या भिंतींनी निर्माण केली होती.

मराठीत ही वाट लवकर अरुंद झाली. १८८५ मध्ये हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिति’ आली आणि कादंबरी पुण्यातल्या घरांत शिरली. पुढे नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने अद्भुतरम्यतेला वाचक परत मिळवून दिले तरी मुख्य प्रवाह बदलला होता. मराठीत हा बदल सुरू झाला नेमक्या त्याच वेळी हिंदीत तिलिस्मी कादंबरीचा बहर सुरू होत होता. त्यावर हिंदीतल्या समीक्षकांनी पुढे नाके मुरडली. रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या साहित्येतिहासात खत्रींइतके वाचक दुसऱ्या कोणी निर्माण केले नाहीत, कितीतरी लोक त्यांच्यासाठी हिंदी शिकले, हे मान्य केले. पण घटनांच्या गर्दीत चरित्रचित्रण नाही म्हणून या कादंबऱ्यांना साहित्याच्या कोटीत बसवायला ते तयार झाले नाहीत. वीरेंद्र किंवा चंद्रकांता यांच्यापुरता हा आक्षेप बरोबर आहे. भूतनाथापुढे तो टिकत नाही.

भूतनाथ ‘संतति’त येतो तो संशयाच्या छायेत. तो निष्णात अय्यार आहे, कमलिनीसाठी मोठी कामे करतो, पण जुन्या कागदपत्रांचे आणि जुन्या साक्षीदारांचे नाव निघाले की त्याचा चेहरा उतरतो. त्याचे मूळ नाव गदाधरसिंह. दयाराम हा त्याचा मालकही होता आणि मित्रही, आणि त्या दयारामचे रक्त त्याच्या हातून सांडल्याचा डाग त्याच्या आयुष्यावर आहे. तो लपवण्यासाठी तो एकामागून एक नवी पापे करत जातो. मित्रासाठी खोटे बोलणे ही अय्यारची विद्या. भूतनाथ तीच विद्या मित्राविषयीचे सत्य दडपायला वापरतो, आणि तिचा मोबदला म्हणून त्याला झोप येत नाही. त्याला लोकांत चांगले नाव मिळवायचे आहे. केवळ शिक्षेची भीती असती तर तो केव्हाच पळून गेला असता. तिलिस्मी साहित्यात पहिल्यांदा एका पात्राला भूतकाळ मिळाला, आणि तो प्रेमभंगाचा नसून मैत्रीद्रोहाचा आहे. वाचकांना हे पात्र इतके लागले की खत्रींनी त्याच्या पूर्वायुष्यावर स्वतंत्र मालिका सुरू केली. तिच्यात प्रेमकथा दुय्यम आहेत. दयारामच्या स्त्रिया जमना आणि सरस्वती यांचा सूड आणि गदाधरसिंहाची अधोगती हाच गाभा आहे.

नंतरच्या काळाने या मालिकांतले प्रेम उचलले आणि मैत्री पातळ केली. दूरदर्शनवर १९९४ मध्ये सुरू झालेल्या नीरजा गुलेरी यांच्या ‘चंद्रकांता’ने राजकुमार-राजकन्येच्या प्रेमाला भरजरी रूप दिले. लोकांच्या लक्षात मात्र राहिला तो भुवया उडवणारा क्रूरसिंह. उर्दू दास्तानगोईची मौखिक परंपरा दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले तेव्हा संपल्यात जमा होती. शम्सुर्रहमान फारूकी यांच्या संशोधनाच्या आधारे महमूद फारूकी यांनी २००५ मध्ये ती पुन्हा रंगमंचावर आणली. या नव्या सादरीकरणात बहुधा दोन दास्तानगो पांढऱ्या पोशाखात शेजारी बसून होशरुबा सांगतात, आणि प्रेक्षकांची दाद घेऊन जातो तो अमर.

‘भूतनाथ’चे सहा भाग लिहून झाले असताना १९१३ मध्ये देवकीनंदन खत्री वारले. उरलेले पंधरा भाग त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी लिहून ती मालिका एकवीस भागांत पुरी केली.